हणमंतरावांचं उष्टावण

लातूरला आपल्या लेकीच्या घरी हणमंतरावांनी नऊ वर्षांत एक घास खाल्ला नव्हता, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. आता यात अभिमान धरण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारावं तर म्हातारा डोळे वटारून बघायचा. लेकीला लेकरू होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. आज्यानं पाळली, बापानं पाळली. मग उमरीजवळच्या आपल्या गावात ज्यांच्या शब्दाला अजून चार माणसं मान द्यायची, त्या हणमंतरावांनी ती मोडायची होय?

पाळायचे म्हणजे किती! मूळ रीतीत पाणीसुद्धा चालत नव्हतं. पण मराठवाड्यातला उन्हाळा आणि उमरी ते लातूर बसचा प्रवास, त्यामुळे पाण्यापुरती त्यांनी वाट काढली होती. "पानी बोअरचं. बोअर धरतीचा. धरती काय जावयाची हाय का?" जागा जावयाच्याच नावावर होती, पण तिथपर्यंत हा वाद कुणी नेला नाही. चहा मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलात. तीन वर्षांमागं लेकीनं घर बांधलं, वास्तुशांतीला दोनशे पानं उठली, आणि हणमंतराव "मला उपास हाय" म्हणून मांडवात हात बांधून उभे. त्या दिवशी कसला वार न् कसली तिथी, देवालाच ठाऊक.

लेक गीतांजली शाळेत शिकवायची. जावई देविदास कृषी खात्यात, सरळ माणूस, सासऱ्यापुढं आवाज न चढवणारा. घर बांधताना गीतांजलीनं इंजिनिअरशी एकाच गोष्टीवरून भांडण केलं. तिला जेवायची खोली वेगळी पाहिजे होती. हॉलच्या कोपऱ्यात टेबल ढकलायचं नाही, चांगली चार भिंतींची, खिडकीची खोली. उदगीरच्या सुताराकडून सागवानी टेबल करून आणलं, सहा खुर्च्या आणल्या.

"जेवायला अलग खोली कामून लागती गं?" हणमंतराव म्हणाले होते. "भूक लागली की मानूस बसल तिथं जेवायची खोली. आमी बांधावर जेवलो, बैलगाडीत जेवलो, चुलीम्होरं जेवलो. अन्न तेच."

म्हणायला असं म्हणाले, पण खोली त्यांना आवडली होती. खिडकीतून कडुलिंब दिसायचा, वारं यायचं. लेकीकडं आले की ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे, पाणी प्यायचे, आणि संध्याकाळची गाडी धरायच्या आधी टेबलावर थाप मारून दर खेपेला एकच वाक्य बोलायचे.

"गीता, नातवंड होऊ दे, मंग बघ! याच खुर्चीत बसून बारा पोळ्या खातो."

त्यांना वाटायचं, आपण आशीर्वाद देतोय. गीतांजली "हो अण्णा" म्हणायची आणि काहीतरी काम काढून आत जायची. ती दर खेपेला आतच का जाते, हे नऊ वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पेपरातली बारीक अक्षरं मात्र बिनचष्म्याची वाचायचे!

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या दातांनी दगा दिला. दात उरले होतेच सात, तेही हलणारे. रात्रंदिवस गाल धरून बसायचे. नांदेडला दाखवू म्हणाले तर गीतांजलीनं फोनवर हट्टच धरला. "अण्णा, इथंच या. माझ्या मैत्रिणीची बहीण दाताची डॉक्टर हाय. आठ दिवस ऱ्हावं लागल." या आठ दिवसांत तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला माहीत, पण हट्टाच्या बाबतीत पोरगी बापावर गेली होती एवढं खरं.

आठ दिवस म्हटल्यावर रीतीचं काय करायचं? हणमंतरावांनी डोकं चालवलं. बायकोला, सुभद्राबाईंना, हुकूम सोडला. त्या बिचारीनं ज्वारीच्या वीस भाकरी थापल्या, तव्यावर आणि उन्हात वाळवून कडक केल्या, पापडासारख्या वाजणाऱ्या. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. आठ दिवसांचं काम झालं. सुभद्राबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, दात काढायला चालला, आन् खायला कडक भाकरी?"

"एखादा काढतील. बाकीचे हाईत की."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात बॅटरी मारली, आणि दोन दिवसांत सातच्या सात दात काढून ट्रेमध्ये ठेवले. कवळी बसवायची म्हणजे आधी जागा रिकामी पाहिजे म्हणे. "काका, आठ-दहा दिवस मऊ खायचं. वरण-भात, खीर, खिचडी. तिखट अजिबात न्हाई," त्या म्हणाल्या. हणमंतरावांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मान डोलवली. बाजूला उभी असलेली गीतांजली खाली बघून हसली, हे त्यांनी बरोबर हेरलं.

झालं. पिशवीत वीस कडक भाकरी आणि तोंडात एक दात नाही!

पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी बोअरच्या पाण्यात भिजत घातली. तासाभरानं तिचा लगदा झाला. तो लगदा जवसाच्या चटणीबरोबर तोंडात घातला, आणि चटणी दाताच्या जखमेला जी लागली, की म्हातारा खुर्चीतून उठून खोलीभर फिरला. देविदास धावत आला. "अण्णा, काय झालं?"

"काई न्हाई. पाय मोकळे करून ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलात तीन चहा न् दोन केळी. एवढ्यावर मोठा माणूस किती तग धरणार? आणि इकडं घरात तीन वेळा वरणाला फोडणी बसायची. लसणाचा वास येऊन बरोबर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते.

घरात पडून राहिल्यावर त्यांना एक गोष्ट नव्यानं दिसली. एवढं भांडून बांधलेल्या त्या खोलीत कुणी जेवतच नव्हतं. टेबलाच्या एका टोकाला इस्त्रीचे कपडे, मधे शाळेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दुसऱ्या टोकाला देविदासचं मातीपरीक्षणाचं सामान. एका खुर्चीवर टॉवेल वाळत घातलेला. नवरा-बायको दोघंही ताटं हातात घेऊन हॉलमध्ये टीव्हीपुढं जेवायची. पेपर वाचायला एकटे हणमंतराव सोडले तर त्या खुर्च्यांवर माणूस बसत नव्हता.

"जावईबापू, एवढी खोली बांधली, आन् जेवता सोफ्यावर?" त्यांनी बोबड्या तोंडानं विचारलं.

देविदासनं आत बघितलं. गीतांजली गॅसजवळ होती. "सवय न्हाई झाली, अण्णा," तो हळूच म्हणाला आणि विषय पावसावर नेला. कार्तिक चालू होता, पाऊस कुठला?

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी गीतांजलीनं न बोलता टेबल आवरायला घेतलं. कपडे उचलले, गठ्ठे उचलले, टॉवेल काढला, ओल्या फडक्यानं सगळं टेबल पुसलं. मग ताट आणलं. मऊ भात, त्यावर पिवळंधमक वरण, वर तुपाची धार. ताट बापापुढं ठेवलं आणि ती समोरच्या खुर्चीत बसली. देविदास दारात उभा राहिला.

वाफ हणमंतरावांच्या नाकात शिरली. तोंडाला पाणी सुटलं. हात उचलायचाच बाकी होता. पण घराणं! त्यांनी घसा खाकरला, ताट चार बोटं पुढं सरकवलं, हसले, आणि टेबलावर थाप मारली.

"नातवंड होऊ दे गीता, मंग बघ. याच खुर्चीत—"

"न्हाई होणार, अण्णा."

ती ओरडली नाही, रडली नाही. वर्गात मुलांना सांगावं तसं सांगितलं. "मला लेकरू न्हाई होणार. हैदराबादच्या दवाखान्यात सांगून चार वर्षं झाली. सगळे उपाय केले, सगळं झालं. मी आन् ह्यांनी ते मान्य केलंय. आमी दोघं सुखी हाव. पण तुमी येता, याच खुर्चीत बसता, पाणी पिऊन जाता. दर टायमाला मला वाटतं, माझं घर अजून घरच न्हाई. लेकरू झाल्यावर व्हणार होतं, ते आता न्हाई व्हणार. म्हणजे तुमी माझ्या घरी कधीच जेवणार न्हाई. असंच हाय ना?"

हणमंतरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बिनदातांचं.

"ही खोली मी तुमच्या आन् मायसाठी बांधली," गीतांजली म्हणाली. "आमाला दोघांना एवढी खोली काय करायची? घर बांधलं तवा वाटलं, एवढी चांगली जागा केली तर अण्णा एक डाव बसतील. न्हाई बसले. मग आमाला बी बसू वाटंना. रिकाम्या खुर्च्यांकडं बघत घास उतरत न्हाई."

तिनं ताट उचललं आणि आत नेलं. रागानं नाही, गार होईल म्हणून. हेच हणमंतरावांना जास्त लागलं. ती भांडली असती तर त्यांना उत्तर सुचलं असतं. भांडणात ते कुणाला हार जाणारे नव्हते.

ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. नऊ वर्षांत किती खेपा झाल्या असतील? वर्षाला तीन धरल्या तरी सत्तावीस. सत्तावीस वेळा आपण नातवंडाचं ते वाक्य बोललो, आधी जुन्या घरात, मग या टेबलावर थाप मारून, आणि त्यातल्या शेवटच्या बारा वेळा तिला माहीत होतं. बारा वेळा पोरगी "हो अण्णा" म्हणाली. म्हाताऱ्याला स्वतःची अशी लाज वाटली, की गच्चीवर कुणी नसतानाही त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.

ऊन उतरल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, गीताचं... तुला काई ठाव हाय का?"

पलीकडून सुभद्राबाई म्हणाल्या, "सांगितलं का पोरीनं? बरं झालं. मला चार वर्सं ठाव हाय."

"आन् मला कामून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तुमी घराण्याचं सांगत बसला असता. पोरगीच म्हनली, अण्णाला वाईट वाटल, नको सांगू. मीच म्हनलं, समजल कधी तरी."

मग सुभद्राबाईंनी आणखी एक धोंडा टाकला. "आन् आता निघालंच हाय तर ऐका. मी जेवलेय तिच्याघरी. मागं तिला ताप आल्ता, मी एकली गेल्ते, तवा चार दिवस जेवले. त्याच्या आधी बी जेवले."

"तू जेवलीस?"

"हाव, जेवले. पोरगी तापानं फणफणून ऱ्हायली, आन् मी काय केळं खाऊ का हॉटेलात जाऊन? पर सैपाकघरात जेवले, वट्ट्यापशी उभ्याउभ्या. ती म्हनायची, माय, टेबलावर बस. न्हाई बसले. म्हनलं, तिथं पयले तुजा बाप बसल."

म्हणजे जगात अन्नावाचून एकटे हणमंतरावच राहिले होते, आणि वर पुन्हा सगळे त्यांचीच वाट बघत होते! त्यांना हसावं की रडावं कळेना. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं ये. आन् येताना गीताची ती चांदीची वाटी घेऊन ये. उष्टावनाची."

"येडं लागलं का तुमाला?" सुभद्राबाई एकदम चढ्या आवाजात बोलल्या. "ती वाटी तिच्या लेकरासाठी ठिवली हाय मी कपाटात. आता ती पोरीम्होरं नेऊन तिच्या काळजावर डाग द्यायचा हाय का?"

"न्हाई देत डाग. घेऊन ये म्हनलं ना. एक डाव माझं ऐक."

"चाळीस वर्सं तुमचंच ऐकून ऱ्हायले," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री म्हातारा पाणी पिऊन झोपला. दुसऱ्या दिवशी गीतांजली शाळेतून चार वाजता आली, तर घरात माय हजर. अहमदपूरला गाडी बदलून, अंगावर धूळ घेऊन आलेली. देविदासही ऑफिसातून लवकर आला होता. त्याला सासऱ्यानंच फोन केला होता. आजपर्यंत सासऱ्यानं आपणहोऊन जावयाला फोन केला नव्हता, त्यामुळे तो घाबरतच आला.

जेवायच्या खोलीत हणमंतराव बसले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. टेबल त्यांनी स्वतः पुसलं होतं. नीट पुसलं नव्हतं, पाण्याचे ओघळ तसेच होते, पण पुसलं होतं.

"बसा समदे," ते म्हणाले.

सगळे बसले. सुभद्राबाई खुर्चीच्या अगदी काठावर, कुणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं म्हणून.

"गीता," हणमंतरावांनी सुरुवात केली. बिनदातांच्या तोंडातून शब्द सुटे सुटे येत होते. "माझं चुकलं. लेकरू येईल म्हनून वाट बघत बसलो, आन् माझं लेकरू समोर ताट घेऊन उभं ऱ्हायलं ते दिसलं न्हाई. रीत माझ्या आज्याची असल. पर तोंड माझं होतं, आन् बोललो मी. तुला किती लागलं असल!"

"अण्णा, जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? ऐक." त्यांनी उपरण्यातून वाटी काढली. चांदीची, इवलीशी, काठाला चेपलेली. छत्तीस वर्षांमागं गीतांजलीच्या उष्टावणाला तिच्या आज्यानं नांदेडहून आणलेली. सहा महिन्यांच्या गीतानं त्या वाटीतून खिरीचा पहिला घास खाल्ला होता, आणि खाऊन झाल्यावर ती फरशीवर आपटली होती. तो चेपा तिचाच. दर दिवाळीला सुभद्राबाई ती चिंचेनं घासून पुन्हा साड्यांखाली ठेवायच्या.

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की दुसरा कुणी असता तर वाटी परत उपरण्यात गेली असती. हणमंतरावांनी ती लेकीपुढं सरकवली.

"ही तुजी हाय. कोनाच्या नावानं राखून ठिवायची न्हाई आता. तुजी हाय, तू वापरायची." त्यांनी आपलं रिकामं तोंड उघडून दाखवलं. "आन् आज मला हिच्यात वाढ. एक दात न्हाई तोंडात, मऊ बिगर दुसरं काई चालत न्हाई. तुज्या घरचा पयला घास हाय माझा. माझं उष्टावन कर, माय."

मग गीतांजली हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आधी हळू, मग मोठ्यानं, तोंडावर पदर धरून. "अण्णा, तुमी म्हणजे..." म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात पळाली. देविदासनं चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्मा काही मळलेला नव्हता.

रव्याची खीर व्हायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास कुणी खुर्ची सोडली नाही. गीतांजलीनं वाटीत खीर घेतली, फुंकर मारून निववली, आणि चमच्यानं बापाच्या तोंडाशी नेली. हणमंतरावांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी वाटीच ओढून घेतली, कारण भूक चार दिवसांची होती आणि पोरगी फुंकर मारत बसली होती.

मग ताटं आली. चार. सुभद्राबाई अजूनही काठावरच होत्या. हणमंतरावांनी त्यांच्याकडं बघितलं. "नीट मागं सरकून बस की. पडशील." त्या सरकल्या. पहिल्यांदाच त्यांची पाठ त्या खुर्चीला टेकली.

वरण-भात कालवून हणमंतरावांनी घास तोंडात घातला. आता एक सांगायचं राहिलं. परक्याच्या घरी हणमंतराव जेवले तर ताटाला कधी नाव ठेवायचे नाहीत, कितीही खारट असो की आळणी. स्वतःच्या घरी मात्र गेली चाळीस वर्षं एकही जेवण त्यांनी तक्रारीशिवाय केलं नव्हतं. तक्रार एकच, रोजची, मीठ बरोबर असलं तरी. लहानपणी गीतांजली ते वाक्य बापाच्या आधी बोलून दाखवायची आणि पाठीत धपाटा खायची.

तिघंही जेवायचं थांबून त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी घास घोळवला, गिळला, भुवया आक्रसल्या.

"मीठ कमी हाय," हणमंतराव म्हणाले.

गीतांजलीनं भरल्या तोंडानं मायकडं बघितलं, मिठाची बरणी उचलली, आणि बापापुढं आदळली. "घ्या तुमच्या हातानं. आपलंच घर हाय."